वहीची उलटी बाजू

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

वर्षभर लिहिलेली निळ्या पुठ्ठ्याची वही समोर घेऊन बसले आहे. त्यात वर्षाच्या वाचनाचा हिशेब आहे, आणि तो तुलाच कळवायचा असे ठरवले, कारण या हिशेबात माझ्याकडून तुझे एक देणे निघते आहे. ते ओघात येईलच. आधी वहीबद्दल सांगते.

वाचून झालेल्या पुस्तकाच्या शेवटी ते केव्हा संपले आणि त्याबद्दल आपले मत काय झाले हे टिपून ठेवण्याची सवय सोळाव्या शतकातल्या माँतेन या फ्रेंच निबंधकाराला होती. काही वर्षांपूर्वी बारकाईने वाचून ज्यावर टिपणे केली, तेच पुस्तक आपण नवे समजून पुन्हा हातात घेतो, अशी कबुली त्याने पुस्तकांवरच्या निबंधात स्वतःच दिली आहे. माझ्या स्मरणशक्तीची गत याहून बरी नाही, म्हणून १ जानेवारीला मीही वही सुरू केली. फरक एवढाच, की मी पुस्तकावर काही लिहीत नाही. पूर्वी लिहीत असे, आणि त्याची शिक्षा या वर्षी तुझ्याच तोंडून मिळाली.

वहीच्या पहिल्या पानावर मी मोठ्या अक्षरांत ‘५२’ असा आकडा घातला होता. आठवड्याला एक पुस्तक, हा संकल्प. आज त्या आकड्याकडे पाहून हसू येते. जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांत चौदा पुस्तकांच्या नोंदी आहेत आणि त्यांतल्या एका चारशे पानी कादंबरीपुढे माझ्याच अक्षरात ‘वाचनीय’ एवढा एकच शब्द आहे. त्या कादंबरीतले एकही पात्र, एकही प्रसंग, इतकेच काय, ती कुठे घडते हेसुद्धा मला आज आठवत नाही. मार्चअखेरीस तर मी कपाटापुढे उभी राहून पुस्तकांच्या पाठी बोटांनी मोजत होते आणि त्यांतले सर्वांत बारीक पुस्तक कोणते ते पाहत होते. तुझे बाबा मागून म्हणाले, “पुस्तक शोधते आहेस की पातळ पोळी?” त्या दिवशी मी बावन्नावर काट मारली. वर्षअखेरीचा खरा आकडा चौतीस आहे, आणि अर्ध्यावर सोडलेली नऊ पुस्तके निराळी. सोडल्याबद्दल खंत मुळीच नाही; खंत वाटते ती नेटाने पूर्ण केलेल्या दोन-तीन पुस्तकांची.

दोन पुस्तके मात्र मुद्दामच या शर्यतीबाहेर ठेवली होती. पहिले दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’. हे १९५६ सालचे पुस्तक पूर्वी एकदा मी दोन बैठकांत संपवले होते, आणि बारा महिने एका दमात पार करणे हा त्या पुस्तकाचा अपमान आहे हे तेव्हा लक्षात आले नव्हते. या वेळी चैत्र लागला तेव्हा चैत्राचे प्रकरण वाचले, वैशाख लागला तेव्हा वैशाखाचे, आणि तसाच आजवर मार्गशीर्षापर्यंतचा प्रवास झाला आहे. दुर्गाबाई निसर्गाला नमस्कार करून मोकळ्या होत नाहीत, त्या त्याच्याकडे रोखून बघतात. नेमक्या कोणत्या दिवसांत झाडाची पाने कोणत्या रंगाची होतात, हे त्या अशा काही खात्रीने सांगतात की वाचणाऱ्याला उठून बाहेर जाऊन पडताळा घ्यावासा वाटतो. मी तो घेतला, आणि बहुतेक वेळा त्याच बरोबर निघाल्या. पौष, माघ आणि फाल्गुन अजून बाकी आहेत, म्हणजे माझ्या वहीचे वर्ष संपले तरी त्यांचे वर्ष पुढे चालूच राहणार.

दुसरे पुस्तक टॉलस्टॉयचे ‘युद्ध आणि शांती’. त्याच्या जाडीला मी तीस वर्षे घाबरत आले होते. पण त्यात एकूण ३६१ प्रकरणे आहेत आणि बहुतेक प्रकरणे चार-सहा पानांची आहेत, हे कळल्यावर भीतीची जागा हिशेबाने घेतली. रोज एक प्रकरण वाचले तर वर्ष भरायला चार दिवस उरतात. सकाळच्या चहाबरोबर एक, असा नेम धरला. वहीच्या शेवटच्या पानावर पात्रांच्या नावांची यादी केली, कारण एकाच माणसाला आई एका नावाने हाक मारते, मित्र दुसऱ्या आणि नोकर तिसऱ्या. जवळजवळ दोन महिने मी पुस्तक कमी आणि यादी जास्त वाचत होते. मग ३ मार्चला ऑस्टरलिट्झच्या लढाईत प्रिन्स आंद्रेई जखमी होऊन उताणा पडला, वर ते उंच, शांत आभाळ त्याला दिसले आणि तो मनाशी म्हणाला की हे आपल्याला आजवर कसे दिसले नाही. त्या दिवशी चहा गार झाला. वहीत त्या तारखेपुढे काहीच लिहिलेले नाही, नुसती रेघ ओढलेली आहे, आणि तरी वर्षातली हीच नोंद मला सर्वांत स्पष्ट आठवते.

जुलैपासून अक्षरे त्रास देऊ लागली. आधी मी छपाईला दोष दिला, मग दिव्याला, मग चष्म्याच्या काचेला. ओळ वाचता वाचता तिची सावली खालच्या ओळीवर पडल्यासारखी दिसे आणि दिवा जवळ ओढला की पानावर नुसता धुरकट उजेड पसरे. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मी टॉलस्टॉयच्या बोरोदिनोच्या रणभूमीवर होते. पांढरी टोपी घातलेला पिएर, ज्याला लढाईतले काही म्हणता काही कळत नाही, तोफांच्या मोर्चावर येऊन उभा राहिला होता. आणि तेच पान मी तीन सकाळी वाचत होते, कारण परिच्छेदाच्या शेवटी पोहोचेपर्यंत त्याची सुरुवात हातातून निसटून जात असे. डॉक्टरांनी सांगितले की दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला आहे. पहिली शस्त्रक्रिया सप्टेंबरात, दुसरी ऑक्टोबरात, आणि नवा चष्मा त्यानंतर.

आता ते देणे. दोन वर्षांपूर्वी तू चारचौघांत एका जाडजूड चरित्राबद्दल फार छान बोलत होतास. प्रवासात ते पुस्तक ऐकले, असे तू म्हणालास, आणि मी लगेच म्हणाले, “ऐकलेस, वाचले नाहीस.” सगळे हसले. तू गप्प झालास आणि त्यानंतर पुस्तकाचा विषय माझ्यापुढे जपून काढू लागलास, हे माझ्या लक्षात आले होते, पण मला तेव्हा माझेच वाक्य फार आवडले होते. ऑगस्टमध्ये मीच तुला फोन करून, काहीशी कुरकुरत, टॉलस्टॉय ऐकायची काही सोय होते का असे विचारले, तेव्हा तू टोचून एक अक्षरही बोलला नाहीस. दहा मिनिटांत सगळे जोडून दिलेस आणि दहा सेकंद मागे जाण्याचे बटण कोणते तेवढे समजावलेस. त्या बटणाचा मी किती वापर केला हे न सांगितलेलेच बरे.

पहिले चार दिवस मी ऐकता ऐकता झोपत होते. पाचव्या दिवशी ध्यानात आले की झोप येते ती आवाजामुळे नाही. डोळ्यांनी वाचताना मी नकळत जे भाग ओलांडून जाते, नेमके तेच भाग कानांवर पडू लागले की मी झोपते. लांब वर्णन आले की माझी नजर परिच्छेदाच्या तळाशी उडी मारते, पुढे संवाद दिसला की तिकडे धावते, ही माझी चाळीस वर्षांची लबाडी मलाच ठाऊक नव्हती. वाचून दाखवणारा माणूस उडी मारत नाही. तो प्रत्येक तोफेपाशी थांबतो, प्रत्येक वाक्याला त्याचा वेळ देतो, आणि त्याच्यामागून जाण्यावाचून ऐकणाऱ्याला गत्यंतर नसते. बोरोदिनोचे प्रकरण मी पुन्हा पहिल्यापासून ऐकले आणि मोर्चावरचे शिपाई पिएरला आधी परका समजून मग हळूहळू आपल्यात कसे घेतात, तो सगळा भाग मला पूर्णपणे नवा होता. तीनदा वाचलेले पान होते ते. शिवाय यादीतल्या अर्ध्याअधिक नावांचे उच्चार मी सात महिने मनात चुकीचे करत होते, हेही तेव्हाच कळले.

तरीही ऐकलेल्या गोष्टींच्या नोंदी मी वहीच्या मुख्य बाजूला केल्या नाहीत. वही उलटी करून मागून लिहिल्या, जणू त्या उसन्या पैशांच्या नोंदी होत्या. हट्ट असा सहजी जात नाही.

तो गेला सप्टेंबरात, तू चार दिवस रजा काढून आलास तेव्हा. डोळ्यावर पट्टी, खोलीत अंधार, आणि तू कपाटातून माझी जुनी ‘स्मृतिचित्रे’ काढून खुर्ची ओढून बसलास. लक्ष्मीबाई टिळकांचे हे आत्मचरित्र १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाले, आणि लग्नानंतर अक्षरओळख झालेल्या बाईने ते लिहिले आहे. म्हणून की काय, त्यातले वाक्य लिहिल्यासारखे वाटतच नाही, समोर बसून बोलल्यासारखे वाटते. सोवळ्याच्या वेडापायी घरात येणारी जवळजवळ प्रत्येक वस्तू धुऊन घ्यायला लावणाऱ्या वडिलांचे वर्णन तू वाचू लागलास आणि मध्येच हसू फुटून थांबलास, मग पुन्हा तेच वाक्य सुरू केलेस, पुन्हा थांबलास. मी वीस वर्षांची असताना ते एकटीने वाचले होते, तेव्हा मला त्या जाचाची चीड आली होती. त्यात विनोद आहे, आणि तो चिडीला पोटात घेऊन उभा आहे, हे मला तुझ्या अडखळण्यातून कळले.

आणि मग ती समासातली पेन्सिल. टिळक न सांगता घरातून निघून जातात त्या एका जागी मी तेव्हा लिहून ठेवले होते, ‘असा नवरा मला नको.’ तू तेही त्याच गंभीर सुरात वाचलेस, जणू ते लक्ष्मीबाईंचेच वाक्य आहे, आणि वर “बाबांना दाखवू का?” म्हणून विचारलेस. पट्टीखाली मला हसताही येईना, कारण डॉक्टरांनी डोळ्याला हिसका बसू द्यायचा नाही म्हणून बजावले होते.

तू गेल्यावर मी पडल्या पडल्या आपल्या ‘वाचणे’ या शब्दाचाच विचार करत होते. तो ‘वाचा’ या शब्दाच्या घरातला आहे. त्याच्या मुळाशी डोळा नाही, जीभ आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीस संत ऑगस्टिनने आपल्या आत्मनिवेदनात मिलानचा बिशप अँब्रोझ याच्याविषयी लिहिले आहे की तो वाचत असताना त्याचे डोळे पानांवरून फिरत, पण आवाज निघत नसे. ही गोष्ट मुद्दाम नोंदवावी इतकी त्याला वेगळी वाटली. म्हणजे जे मौन वाचन मी खरे वाचन समजत होते, तेच एके काळी नवलाचे होते. बोर्खेस या लेखकाला १९५५ मध्ये अर्जेंटिनाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे संचालकपद मिळाले तेव्हा त्याची दृष्टी वाचण्यापलीकडे गेलेली होती. पुढची तीस वर्षे इतरांनी वाचून दाखवले आणि त्याने ऐकले. तो वाचक नव्हता असे म्हणायला माझी जीभ रेटणार नाही. तेव्हा ते चारचौघांत काढलेले वाक्य मी मागे घेते. चारचौघांतच घ्यायला हवे. तू पुढच्या वेळी येशील तेव्हा तसेही घेईन.

सगळेच मागे घेते असे मात्र समजू नकोस. दीडपट वेगाने ऐकणे मला आजही पटत नाही. ती माझ्या बावन्नाचीच बहीण आहे. ‘ऋतुचक्र’ कानांनी ऐकता येईल असेही वाटत नाही, कारण त्यात दर चार ओळींनी मान वर करून थांबावे लागते. आणि छापील पुस्तकातला एखादा उतारा डाव्या पानावर खाली, कोपऱ्याशी होता, अशी जी जागेची आठवण राहते, ती ऐकलेल्या पुस्तकाला मुळीच नसते. मी अजूनही त्या उताऱ्यांना चाचपडत शोधते आणि ते हाती लागत नाहीत.

पहिल्या शस्त्रक्रियेनंतर, दुसरी व्हायची होती त्या दिवसांत, मी एक खेळ करत असे. पुस्तक उघडायचे आणि आळीपाळीने एकेक डोळा झाकायचा. जुन्या डोळ्याला तेच पान चहाचे पाणी सांडल्यासारखे पिवळट दिसे, नव्या डोळ्याला निळसर पांढरे. माझी पुस्तके जुनी होऊन पिवळी पडली आहेत अशी माझी किती वर्षे समजूत होती!

नव्या चष्म्याने पहिले वाचले ते विश्राम बेडेकरांचे ‘रणांगण’, दोन दुपारींत. टॉलस्टॉयच्या सैन्यानंतर ही १९३९ ची छोटी कादंबरी फिकी वाटेल अशी भीती होती, पण झाले उलटे. एका बोटीवर युरोपातून बाहेर पडलेली निर्वासित ज्यू माणसे, त्यांतली हॅर्टा आणि तिच्यात गुंतत जाणारा चक्रधर, एवढाच ऐवज आहे. तोफ एकदाही उडत नाही आणि युद्ध एका क्षणासाठीही दूर जात नाही. ज्या वर्षी महायुद्ध सुरू झाले त्याच वर्षी मराठीत ही कादंबरी आली याचे मला दर वेळी नवल वाटते. शेवट तुला सांगत नाही. हे पुस्तक तू डोळ्यांनी वाच किंवा कानांनी, पण मध्येच उतरायचे असेल अशा प्रवासात नको. संपल्यावर थोडा वेळ बसून राहावे लागते.

टॉलस्टॉय परवा संपला, ठरल्याहून दोन दिवस उशिरा. शेवटच्या बारा प्रकरणांत कथा नाही, इतिहास आणि माणसाची इच्छाशक्ती यांवरचा नुसता वाद आहे, आणि खरे सांगते, तिथे माझ्या नव्या डोळ्यांनी जुनीच उडी दोनदा मारली. मग ती दोन प्रकरणे फोनवर ऐकली. काल बसून उलट्या बाजूच्या सातही नोंदी तारखांप्रमाणे सुलट्या बाजूला उतरवून काढल्या; चौतीस हा आकडा त्यांना धरूनच आहे.

‘स्मृतिचित्रे’ मात्र पुरी झालेली नाही, म्हणून ती त्यात धरलेली नाही. तू जिथे थांबलास तिथे डोळ्यांच्या थेंबांची चिठ्ठी खूण म्हणून घातली होतीस, ती तशीच आहे. आता मला सगळे स्वच्छ दिसते, तरी पुढचे पान मी उलटलेले नाही. रजा केव्हा मिळते ते कळव.

तुझी,
आई