सहलीचा हिशेब

परळ, मुंबई

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

गणपतीत तू घरी आलीस, मैत्रिणींना घेऊन बसलीस आणि मोबाईलवरचा तुमच्या सहलीचा तक्ता मला दाखवलास. तेव्हा घरात माणसांचा राबता होता, मी नीट बोलले नाही. नंतर तीन-चार रात्री जेवणं उरकल्यावर मी तो तक्ता वहीवर उतरवून काढला. आकडे फोनवर सांगितले की विरतात, म्हणून हे पत्र.

आधी एक सांगते. तुम्ही जा. मुंबईहून गाडी काढायची आणि एकामागून एक अम्युझमेंट पार्क बघत दक्षिणेत उतरायचं, ही कल्पना मला मनापासून आवडली. मामाशी बोलले, तो गाडी द्यायला तयार आहे. पण तू आठ दिवसांत पाच पार्क बसवलेत, इमॅजिका, बंगळूर, कोची, चेन्नई, हैदराबाद, आणि माणशी चौदा हजार धरलेत. हे मला पटत नाही. पैसे आणि दिवस, दोन्ही कमी पडतील.

अंतर बघ. मुंबई ते बंगळूर जवळजवळ ९८० किलोमीटर, बंगळूर ते हैदराबाद ५७०, हैदराबादहून सोलापूरमार्गे मुंबई ७१०. शहरातलं फिरणं धरून हे २,४०० होतात, आणि यात कोची-चेन्नई नाहीतच. एकट्या कोचीला बंगळूरहून जायला साडेपाचशे. वंडरला कंपनीच्या पार्कांत सगळ्यात जुनं कोचीचं, २००० सालचं, म्हणून तुला ते बघायचंय हे मला कळतं. पण त्यासाठी पुढे कधीतरी सुट्टीत कोकण रेल्वेने जा. या खेपेला तीन पार्क पुरे: खोपोलीचं इमॅजिका, बंगळूरजवळ बिडदीचं वंडरला आणि हैदराबादचं वंडरला.

तुम्हा चौघींत गाडी चालवणाऱ्या दोघीच. म्हणून मी दिवसाला साडेचारशे किलोमीटरच्या वर काही ठेवलेलं नाही. पहिला दिवस इमॅजिका, मुक्काम पुण्याला आत्याकडे. दुसऱ्या दिवशी हुबळी, तिसऱ्या दिवशी बिडदी, चौथा दिवस पूर्ण पार्कमध्ये, रात्र तिथेच. पाचव्या दिवशी कर्नूल, सहाव्या दिवशी दुपारपर्यंत हैदराबाद, सातव्या दिवशी पार्क, आठव्या दिवशी सोलापूर, नवव्या दिवशी घर. सोलापूरला तुमच्यातल्या एकीचं घरच आहे. सकाळी सहाला निघायचं आणि अंधार पडायच्या आत गाडी उभी करायची. दिवसभर पार्कमध्ये उन्हात पायपीट केल्यावर रात्री स्टिअरिंग धरायचं नाही, यावर मी अडून बसणार आहे. पहिल्या दिवशी इमॅजिकाहून रात्री बोरघाट चढावा लागेल, तर मामा म्हणाला तो सोबत येईल. दिवसभर खोपोलीत मित्राकडे थांबेल, पुण्यापर्यंत तोच चालवेल आणि दुसऱ्या दिवशी शिवनेरीने परत येईल.

आता खर्च. मामाची गाडी लिटरला सोळा किलोमीटर देते. पेट्रोल एकशेपाच रुपये धरलं तर पंधरा हजार साडेसातशे, म्हणजे माणशी साधारण चार हजार. यात थोडी बचत होते. कर्नाटकात पेट्रोल आंध्र-तेलंगणापेक्षा स्वस्त आहे, तेव्हा हैदराबादला जाताना बागेपल्लीला, हद्द ओलांडायच्या आधी, टाकी गच्च भरा.

टोलचं तू काहीच धरलं नव्हतंस. फास्टॅगचा वार्षिक पास निघालाय, १५ ऑगस्ट २०२५ पासून. निघाला तेव्हा तीन हजार रुपयांना होता, एक वर्ष किंवा दोनशे फेऱ्या, जे आधी संपेल ते. राजमार्गयात्रा ॲपवर मिळतो. खासगी गाडीलाच चालतो, काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेल्या भाड्याच्या गाडीला नाही, म्हणून मामाच्या गाडीचा आग्रह. खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी हे चारही नाके आणि पुढचे राष्ट्रीय महामार्गावरचे त्यात येतात. पण मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे त्यात येत नाही, तिथे टॅगमधून वेगळे कापले जातील. बंगळूरचा नाइस रोड आणि हैदराबादचा बाहेरचा रिंग रोडही वेगळा. तरी ते दोन्ही रस्ते सोडू नका. नाइस रोडने तुमकूर रस्त्यावरून थेट म्हैसूर रस्त्याला लागता आणि शहरात न शिरता बिडदी. हैदराबादलाही शमशाबादवरून रिंग रोड धरला की रावीर्यालला उतरायचं, पार्क तिथेच. वाशीच्या नाक्याची काळजी नको, तो ऑक्टोबर २०२४ पासून छोट्या गाड्यांना माफ आहे. सगळं मिळून टोलचे माणशी हजार धरले.

राहायला सहा रात्री पैसे पडतील, दोन खोल्या, खोलीला अठराशे, म्हणजे माणशी ५,४००. जेवणखाण दिवसाला चारशे, नऊ दिवसांचे ३,६००. तिकिटाला पार्कमागे दोन हजार धरले, सहा हजार. दर दिवसागणिक बदलतो, शनिवार-रविवार टाळा, कॉलेजचं ओळखपत्र प्रत्येकीने मूळ जवळ ठेवा आणि विद्यार्थ्यांची सवलत तिकीट काढायच्या आधी बघा. इमॅजिकाचं वॉटर पार्क वेगळ्या तिकिटाचं आहे, ते करू नका, कारण वंडरलात पाण्याचं आणि जमिनीवरचं एकाच तिकिटात आहे. पाण्यात सुती कपडे चालत नाहीत, नायलॉनचे घरून न्या, नाहीतर तिथे भाडं भरत बसाल. लॉकर चौघींत एकच घ्या.

वरती अडीअडचणीचे दोन हजार. बेरीज माणशी बावीस हजार. तुझ्या चौदांपेक्षा आठ जास्त.

आणि आता ज्यासाठी मुख्यतः लिहायला बसले ते.

त्या दिवशी तू चौदा हजारांचा आकडा वाचून दाखवलास, तेव्हा मी मोदकाचं सारण परतत होते, पण माझं लक्ष तुमच्याकडे होतं. दोघी लगेच तारखांवर आल्या. तिसरी म्हणाली, ‘मला चालेल.’ फार पटकन म्हणाली. मग तिने हातातला मोबाईल मांडीवर पालथा ठेवला आणि ताटलीतली शेव एकेक करून वेचत बसली. सहलीबद्दल पुढे एक अक्षर बोलली नाही. निघताना मात्र मला वाकून नमस्कार करून गेली.

ते ‘मला चालेल’ मी ओळखते. १९९४ साली मी एस. वाय. ला होते. वर्गाची सहल एस्सेलवर्ल्डला निघाली, अडीचशे रुपये वर्गणी. १९८२ च्या संपानंतर तुझ्या आजोबांची मिल पुन्हा उभी राहिली नव्हती, आजी डबे करायची. मी वर्गात हात वर केला, मला चालेल म्हणाले. पैसे भरायच्या आदल्या दिवशी सांगितलं की गावाला लग्न निघालंय. सहलीचा दिवस मी चाळीच्या गॅलरीत डबे घासत काढला, कोणी रस्त्यात बघू नये म्हणून खाली दुधालासुद्धा गेले नाही. दुसऱ्या दिवशी कॉलेजात सगळ्यांच्या मनगटावर गेटवर मारलेला निळा शिक्का होता. दोघी-तिघींनी तो आठवडाभर पुसू दिला नव्हता. मला कोणी काही विचारलं नाही आणि मीही काही सांगितलं नाही, पण त्या तिघी-चौघींत मी पुन्हा पहिल्यासारखी बसू शकले नाही. कोणी एकीने जरी मला जिन्यात बाजूला घेऊन ‘तुला किती जमेल?’ विचारलं असतं, तर मी खरं सांगितलं असतं असं मला आजही वाटतं.

तुला घेऊन मी गोराईच्या लाँचमधून एस्सेलवर्ल्डला पहिल्यांदा गेले तेव्हा तू आठ वर्षांची होतीस. पाळणा वर गेला तशी तू माझं मनगट इतकं घट्ट धरलंस की बांगडी वाढवली. २०२२ मध्ये ते पार्क बंद झालं तेव्हा तू हळहळलीस, मीही.

म्हणून माझं म्हणणं असं की बावीस हजारांचा आकडा आधी सगळ्यांपुढे मांडू नकोस. प्रत्येकीला एकेकटीला गाठ आणि विचार, जानेवारीपर्यंत तुझ्याने किती जमतील. ग्रुपवर विचारू नकोस, तिथे सगळ्याच हो म्हणतात. सगळ्यात कमी आकडा जो येईल तो सहलीचा आकडा. तो सोळा-साडेसोळा आला तर हैदराबाद गाळा: इमॅजिका, पुणे, हुबळी, बिडदी आणि त्याच रस्त्याने परत, सात दिवस. मी तोही हिशेब मांडलाय, येताना पुण्याला पुन्हा आत्याकडे राहून तेवढ्यात बसतो. आकडा त्याहून खाली आला तर इमॅजिकालाच दोन दिवस जा, एक दिवस थीम पार्क आणि एक दिवस पाण्याचं, मग कोल्हापूर करून या. नायट्रो, तो मोठा रोलर कोस्टर, तुम्हाला तिथेही मिळेल. एकीचे पैसे बाकीच्या तिघींनी भरावेत असं मात्र सुचवू नकोस. ती नाही म्हणेल आणि येणारच नाही.

एकदम रक्कम कोणालाच जड जाते. आमच्या पतपेढीत चौघींची आवर्त ठेव उघडून देते, सप्टेंबर ते डिसेंबर चार हप्ते. महिन्याला चार हजार टाकले तर सोळा जमतात. नवीन वर्षाची गर्दी ओसरली की निघायचं आणि संक्रांतीच्या आत परत. त्या दिवसांत आठवड्याच्या मधल्या वारीही शाळांच्या सहली असतात, पण मुलांच्या बसेस दुपारनंतर निघतात, मग मोठ्या राइडच्या रांगा मोकळ्या होतात. गेट उघडल्या उघडल्या नायट्रो गाठा, दुपारी आतल्या थंडाव्यातल्या राइड करा, आणि संध्याकाळी पुन्हा बाहेर या.

वाटेत पैसे एकीच्याच हातात ठेवा. वेगळ्या खात्यात सगळे एकत्र टाका आणि चहापासून टोलपर्यंत तिथूनच द्या. तू दे, मी दे केलं की चौथ्या दिवशी कुरबुर सुरू होते. रोज रात्री झोपायच्या आधी रोजकीर्द लिहायची: आरंभीची शिल्लक, दिवसाचा खर्च, अखेरची शिल्लक. पाच रुपयांचा फरक आला तरी त्याच रात्री शोधायचा, सकाळी आठवत नाही. पेढीत अठरा वर्षं मी हेच करते आहे. मी तुला एक लांब लाल वही ठेवली आहे, रकाने आखून. खिशात मावणार नाही, पण डॅशबोर्डच्या कप्प्यात राहील.

गाडीचे कागद, विमा, पीयूसी मामा तपासून देणार आहे. दोघींचे परवाने डिजिलॉकरमध्ये घालून ठेवा. पुढच्या शनिवारी येशील तेव्हा आधार आणि पॅनच्या प्रती आण, खात्यांचे अर्ज माझ्या पिशवीत तयार आहेत.

त्याआधी चौघींना विचारून झालं की सगळ्यात कमी कोणता आकडा आला तेवढा मला कळव. तो कोणाचा, ते नको सांगूस.

तुझी,
आई