मंत्रीसाहेब, झाडाचं रजिस्टर कोणाकडे असतं?

मा. कृषिमंत्री साहेब यांस,
स. न. वि. वि.

विषय: फळझाडांचं संशोधन आणि शिकवणं. (विषय लिहिल्याशिवाय हात पुढे सरकत नाही, अर्ज करकरून सवय झालीय.)

मी पुण्यात फळबाग शिकवते, कंत्राटी. दरवर्षी नवीन ऑर्डरची वाट बघायची वगैरे, पण ते रडगाणं आज नको, ते तुमच्या टेबलावर रोज येत असेल.

युनिव्हर्सिटी चौकातल्या ट्रॅफिकमध्ये अडकले की मला हमखास गणेशखिंडची फळसंशोधनाची बाग आठवते. तिथे फळशास्त्रज्ञ डॉ. चीमांनी 1927 साली लखनौच्या पेरूच्या बियांपासून वाढवलेल्या रोपांतून एक झाड निवडलं, तोच आपला सरदार पेरू, म्हणजे लखनौ-49. मग 1936 ला आळंदी डाळिंबातून मऊ दाण्याचं एक झाड निवडलं, त्याला गणेश हे नाव मिळालं थेट 1970 ला, पुढे राहुरीच्या कृषी विद्यापीठात गणेश आणि गुलेशाह रेड ह्या डाळिंबांच्या संकरातून भगवा आला तो 2003 मध्ये. म्हणजे बघा, आज सोलापूर-सांगोल्याचा शेतकरी जो भगवा विकतो त्याची सुरुवात तो यायच्या सदुसष्ट वर्षं आधीच्या एका माणसाच्या नोंदवहीत आहे. आणि आता आम्हाला प्रोजेक्ट मिळतो तीन वर्षांचा. तीन वर्षांत आंब्याचं कलम नीट मोहोरतसुद्धा नाही हो, बियांपासून वाढवलेल्या संकराची तर गोष्टच सोडा.

माझंच सांगते. एमएस्सीला सीताफळाच्या छाटणीवर काम केलं होतं, केंद्राचं नाव घेत नाही. झाडांना पत्र्याच्या पट्ट्या, त्यावर खिळ्याने कोरलेले नंबर, आणि एक लाल कापडी बांधणीचं रजिस्टर. सरांची बदली झाली. चार वर्षांनी सहज गेले तर निम्म्या पट्ट्या गायब, उरलेल्यांची तार खोडात रुतलेली, रजिस्टरला वाळवी, आणि नवीन साहेब मलाच विचारतायत, मॅडम ही झाडं नक्की कशाची होती? त्यांची तरी काय चूक, त्यांच्याकडे आणखी दोन ठिकाणचा चार्ज होता. खरं रजिस्टर होते आमचे माळीकाका. "तिसऱ्या ओळीतलं पाचवं, त्याला फळं उशिरा पण डोळे मोठे," असं न बघता सांगायचे. ते रिटायर झाले, जागा भरली नाही, संपलं. झाडं तिथेच आहेत, प्रयोग मात्र गेला.

शिकवण्याचंही तसंच. आमची मुलं सेमिस्टरमध्ये शिकतात आणि झाड बहारात, म्हणजे फुला-फळाच्या हंगामात चालतं, ह्या दोघांचं जमतच नाही. पुरंदरच्या अंजिराचा खट्टा बहार, मीठा बहार मी फळ्यावर छान समजावते, पण परीक्षा, सुट्ट्या, प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये छाटणी एका बॅचने बघितलेली असते आणि फळ दुसऱ्या. अंजिराच्या पानावरचा तांबेरा रोग तर पुष्कळांनी फक्त पीपीटीमध्ये बघितलाय. पाचर कलमाचं प्रॅक्टिकल होतं, मुलगी एक कलम बांधते, फोटो काढते, जर्नलवर सही घेते, ते कलम जगलं का मेलं हे तिला कधीच कळत नाही. मग तीच मुलगी पास होऊन सदाशिव पेठेच्या अभ्यासिकेत एमपीएससीचा अभ्यास करते, आणि मला तिला अडवता पण येत नाही, कुठल्या तोंडाने सांगू की संशोधनात ये म्हणून.

नवी इमारत नको साहेब, उद्घाटनाला यायचाही त्रास नको. फळझाडांच्या प्रयोगाला मंजुरी देताना दहा-बारा वर्षांची द्या, मधे माणूस बदलला तर झाडांचा चार्ज लेखी, प्लॉटमध्ये उभं राहून द्यायचा असा जीआर काढा, गाडीच्या चाव्यांचा चार्ज आपण देतोच की. माळ्यांच्या जागा भरा, रोजंदारीवर चार महिने नाही, कायम.

आणि एक अगदी स्वस्तातलं: पहिल्या वर्षाला आलेल्या प्रत्येक पोराला पेरूचं एक कलम द्या, त्याच्याच नावाचं. पेरू दोन-तीन वर्षांत फळाला येतो, म्हणजे डिग्री हातात पडायच्या आत स्वतः लावलेल्या झाडाचा पेरू खाऊन होईल. यासाठी कॉलेजने जागा द्यायला हवी, मी तीन वेळा अर्ज केलाय, उत्तर नाही. आमच्या मागच्या कंपाउंडला वीस झाडांपुरती जागा मोकळी आहे, सध्या तिथे मोडकी बाकं पडलीत.

आपली,
एक कंत्राटी मास्तरीण, पुणे