पाणी कमी प्या म्हणणाऱ्या सिस्टरांना

सिस्टर, सप्रेम नमस्कार.

बाबांच्या पोटावरची शौचाची पिशवी निघाली, टाके सुकले, आता ते रोज संध्याकाळी पर्वतीच्या पायथ्यापर्यंत चालून येतात. पेढे घेऊन आम्ही वॉर्डात आलो तेव्हा तुम्ही ड्यूटीवर होतात. एक पेढा मोडून तोंडात टाकलात आणि सलाईन बदलायला पळालात. बोलायचं होतं ते राहूनच गेलं, म्हणून हे उघड पत्र. तुमचं आणि रुग्णालयाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पण पोटावर पिशवी असलेलं माणूस ज्यांच्या घरात आहे, त्यांच्यापर्यंत तुम्ही सांगितलेलं पोहोचावं असं फार वाटतं.

बाबांना आतड्याचा क्षय झाला होता. लहान आतडं जिथे मोठ्याला मिळतं, तिथेच हा आजार बहुतेकदा ठाण मांडतो. आतड्याला भोक पडलं, तातडीचं ऑपरेशन झालं, लहान आतड्याचा शेवटचा बराचसा भाग काढावा लागला आणि उरलेलं टोक पोटावर आणून पिशवी लावली. घरी सोडलं तेव्हा एप्रिल होता, पुण्याचं ऊन तापलेलं. पिशवी पाण्यासारखी पातळ भरायची, रिकामी केली की पुन्हा भरायची. येणारा जाणारा प्रत्येक जण एकच सांगायचा, भरपूर पाणी पाजा. नारायण पेठेतून आत्या शहाळी घेऊन यायची, शेजारच्या काकू कोकम सरबत. बाबांच्या उशाशी तांब्या कायम भरलेला. तरी जीभ कोरडी ती कोरडीच. उठून बसले की डोळ्यांपुढे अंधारी, रात्री पोटऱ्यांत गोळे. रक्ताच्या रिपोर्टात सोडियम, म्हणजे मिठाचं प्रमाण, मात्र बरोबर मर्यादेत.

तुम्ही आलात त्या खरं तर पिशवी कडेने गळत होती म्हणून, ड्यूटी संपवून घरी जाता जाता. पिशवीआधी तुम्ही तांब्याकडे पाहिलंत. मग विचारलंत, ‘दिवसाला किती निघतं? मोजलंय?’ स्वयंपाकघरातलं मापाचं भांडं मागून घेतलंत, त्यावर स्केचपेनाने दीड लिटरची रेघ मारलीत आणि म्हणालात, ‘चोवीस तासांत याच्या वर गेलं की मला किंवा डॉक्टरांना फोन. आणि काका, साधं पाणी दिवसभरात एक लिटरच्या आत. चहा, सरबत सगळं त्यातच धरायचं.’

बाबा भडकलेच. ‘अहो, तहानेनं जीव चाललाय आणि तुम्ही पाणी तोडताय?’

तुम्ही रागावला नाहीत. खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसलात. पुढची वीसेक मिनिटं तुम्ही जे सांगितलंत, त्यासाठी हे आभार आहेत. सूचना सगळेच देतात. त्यामागचं कारण बाबांसारख्या सातवी शिकलेल्या माणसाला कळेल असं तुम्ही सांगितलंत, आणि कळल्यावर त्यांनी एकदाही कुरकुर केली नाही.

आपल्या आतड्यात रोज आठ-नऊ लिटर पातळ पदार्थ येतो. त्यातला दोनेक लिटर आपण खातो-पितो तो, बाकीचा शरीराचाच: लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस. लहान आतडं त्यातला बहुतेक परत घेतं, उरलेला दीडेक लिटर मोठं आतडं शोषतं, आणि शौचातून जेमतेम १०० ते २०० मिलिलिटर पाणी बाहेर पडतं. पण आतड्याला नुसतं पाणी ओढून घेता येत नाही. ते मीठ आत घेतं आणि मिठामागून पाणी जातं. बाबांचं मोठं आतडं वाटेतून वगळलेलं. लहान आतड्याचा जो शेवटचा भाग मीठ नेटाने खेचून घेतो तोच कापलेला. राहिला वरचा भाग, आणि त्याच्या पेशींमधले सांधे सैल. तिथे बिनमिठाचं पाणी आलं की रक्तातलं मीठ उलट त्या पाण्यात उतरतं. ‘काकडीला मीठ लावलं की पाणी सुटतं ना, काका? मीठ जिथे, पाणी तिथे. तुमचं मीठ पिशवीत चाललंय, म्हणून पाणीही तिकडेच चाललंय.’ म्हणजे जितका तांब्या रिकामा होत होता, तितकी पिशवी भरत होती आणि तहान वाढत होती. गोड सरबतात साखर भरपूर आणि मीठ नावाला, त्यामुळे ते शरीरातलं पाणी आणखीच बाहेर ओढतं.

रिपोर्ट बरोबर असून पोटऱ्यांत गोळे का, हेही तुम्हीच उलगडलंत. मीठ कमी पडू लागलं की मूत्रपिंडं ते जिवापाड राखतात आणि त्या बदल्यात पोटॅशियम, मॅग्नेशियम सोडून देतात. रक्तातलं सोडियम बराच काळ ठीक दिसत राहतं. लघवीतलं आधी खाली जातं. ‘डॉक्टरांना लघवीतलं सोडियम आणि रक्तातलं मॅग्नेशियम तपासायला सांगा,’ असं तुम्ही चिठ्ठीवर लिहून दिलंत. लघवीतलं सोडियम लिटरमागे दहा मिलिमोलच्याही (हे प्रयोगशाळेचं माप) खाली आलं, मॅग्नेशियमही कमी. डॉक्टरांनी सलाईन लावलं, मॅग्नेशियम दिलं आणि आतड्याची चाल मंदावणाऱ्या लोपेरामाइडच्या गोळ्या जेवणाआधी अर्धा तास घ्यायला सांगितल्या.

मग तुमचं ते मिश्रण. एक लिटर पाण्यात २० ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा. चमच्याचा भरवसा नको म्हणालात, म्हणून बोहरी आळीतून छोटा वजनकाटा आणला. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयाच्या नावाने हे मिश्रण ओळखलं जातं. त्यात लिटरमागे सोडियम ९० मिलिमोल, तर जुलाबात देतात त्या नेहमीच्या ओआरएसच्या पुडीत ७५. वरच्या आतड्यातून मीठ आत जायला साधारण नव्वदच लागतं, म्हणून हा खटाटोप. आणि ग्लुकोज कशाला, तर ग्लुकोज आणि सोडियम आतड्याच्या पेशीत एकाच दारातून शिरतात, ग्लुकोजच्या एका कणाबरोबर सोडियमचे दोन. बाबांना चव अजिबात आवडली नाही. फ्रीजमध्ये गार करून, घोट घोट, दिवसभर पुरवून प्यायचं, ही युक्तीही तुमचीच.

नंतर मी वाचलं आणि अंगावर काटा आला. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, पश्चिम बंगालमधल्या बनगावला, कॉलरा पसरला होता. सलाईन संपत आलं तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी पुड्या बांधून वाटल्या. लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा. आमच्या ओट्यावर रोज सकाळी जे वजन होत होतं, जवळपास तेच! कॉलऱ्याचं विष आतड्याला पाणी ओकायला लावतं, पण ग्लुकोज-सोडियमच्या त्या दाराला हात लावत नाही, म्हणून ते द्रावण लागू पडलं. छावणीतलं मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं ते ३.६ टक्क्यांवर आलं. डॉक्टर २०२२ मध्ये गेले, पद्मविभूषण २०२३ मध्ये मरणोत्तर मिळालं. इतक्या मोठ्या कामाला आपण इतका उशीर लावावा याचं मला खरंच वाईट वाटतं.

मेडिकलमधून आणलेलं ते गोड पेयाचं खोकंही तुम्ही उलटं करून मागची बारीक अक्षरं मोठ्याने वाचली होतीत. समोर ओआरएस लिहिलेलं, आत साखरच जास्त. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये अशा पेयांच्या नावात ओआरएस शब्द वापरायला मनाई केली, तेव्हा घरात सगळ्यांना तुमचीच आठवण झाली.

खाण्याचं तर तुम्ही सोपंच करून टाकलंत: भाताची पेज मीठ घालून, उकडलेला बटाटा, केळं, साबुदाणा, आणि जेवताना पाणी नाही, आधी-नंतर अर्धा तास सोडून. आठवड्याभरात पिशवी रेघेच्या खाली राहू लागली. बाबा स्वतः उठून गॅलरीत जाऊन बसले.

एक गोष्ट तुम्ही जाताना दारात पुन्हा बजावली होतीत, ती इथेही लिहिते. पाणी तोडायचं हे अशा पिशवीवाल्या किंवा आतडं आखूड झालेल्या पेशंटसाठी, तेही डॉक्टरांना विचारून. साध्या जुलाबात, विशेषतः लहान मुलांना, पुडीचं ओआरएस द्यायचं आणि पाणी बंद करायचं नाही. आणि मीठ-सोड्याचं हे मिश्रण रक्तदाबाच्या, हृदयाच्या किंवा किडनीच्या पेशंटने आपल्या मनाने घ्यायचं नाही.

आतडं जोडल्यावर पुन्हा जुलाब सुरू झाले तेव्हा आई हबकली होती. मी नाही, कारण तेही तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतंत: शेवटचा भाग नसला की पित्त परत शोषलं जात नाही, ते मोठ्या आतड्यात उतरून जुलाब करतं. डॉक्टरांनी पित्त बांधून ठेवणारी पावडर दिली, आठवड्यात फरक पडला. तो शेवटचा भाग नसल्यामुळेच बी-१२ जीवनसत्त्वाची इंजेक्शनंही चालू आहेत, ती आता कायमची.

तुम्ही त्या दिवशी हातमोज्यांच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर हे सगळं लिहून दिलं होतंत. तो मी मराठीत नीट टाइप केला आहे, मोठ्या अक्षरांत, मापं ठळक करून. तुम्ही एकदा नजर टाकून चुका सुधारून द्या, डॉक्टरांची सही घ्या. प्रती काढून वॉर्डात आणून द्यायचं काम आमचं. घरी सोडताना प्रत्येक पेशंटच्या फाइलला एक लावता येईल. पुढच्या आठवड्यात दुपारची ड्यूटी असेल तर बाबा स्वतः घेऊन येणार आहेत.

तुमची,
बाबांची धाकटी लेक