आधी तेलाचं पिंप उघडा

डॉक्टर मॅडम,
सादर नमस्कार.

तुम्ही शेडवर आलात तेव्हा मी खाद्याचा तक्ता हातात घेऊन उभा होतो. तुम्ही त्याकडे नंतर बघितलंत. आधी म्हणालात, "तेलाचं पिंप उघडा." दोन थेंब तळहातावर घेतलेत, हात चोळलेत आणि माझ्या नाकापुढे धरलेत. जुन्या रंगाच्या डब्यासारखा उग्र वास आला, तेल खवट झालं होतं. रोज खाद्य कालवताना तो वास माझ्या आसपासच होता, पण नाकाच्या सवयीचा झाला होता. हे पत्र त्या दोन थेंबांसाठी आहे, आणि त्यानंतर डुकराच्या पिल्लांच्या कप्प्यापाशी बसून तुम्ही मला जो तासभर समजावलंत, त्यासाठी.

त्या वेळची अवस्था तुम्ही डोळ्यांनी पाहिली आहे. २६ दिवसांची पिल्लं आईपासून तोडलेली, खाद्य गव्हाणीत तसंच पडून, पोटं खपाटीला गेलेली, चार-पाच जणांना हगवण. सोयाबीन तेल परवडेना म्हणून मी पाम तेलाचं मिश्रण आणलं होतं. दूध तुटल्यावर वजन घटतं, म्हणून खाद्यात चांगलं ६ टक्के घातलं होतं. मग सगळा दोष पाम तेलाच्या माथी मारला. विकणाऱ्यानं तेल किती जुनं ते सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं, आणि अर्धवट झाकलेलं पिंप उन्हात ठेवलं होतं ते मीच.

तेव्हा मी तुम्हाला विचारलं होतं, की डुकरिणीच्या दुधातलं पाणी वजा केलं तर उरलेल्यात तिसऱ्या हिश्श्याहून जास्त चरबी असते, ती पिल्लू जवळजवळ सगळी पचवतं, मग खाद्यातलं एवढंसं तेल त्याला का जड जावं? तुमचं उत्तर मी अजून जसंच्या तसं धरून आहे. दुधातली चरबी बारीक कणांत आधीच मिसळून आलेली असते. खाद्यातलं तेल मात्र पिल्लाच्या आतड्यात पित्तानं फोडावं लागतं, आणि नेमकं दूध तुटताच स्वादुपिंडाचं लायपेज, म्हणजे चरबी पचवणारा पाचकरस, घटतं. ते सावरतं, तेल पचवण्याची ताकदही आठवड्या-आठवड्यानं वाढते, पण पहिले दिवस कठीण. मी नेमक्या त्याच दिवसांत सगळ्यात जास्त तेल ओतत होतो.

मग तुम्ही खडू मागितलात आणि रिकाम्या पोत्यावर गणित मांडलंत. तेल ज्यांचं बनतं ती मेदाम्लं दोन प्रकारची, सहज गोठणारी संपृक्त आणि पातळ राहणारी असंपृक्त; पाम तेलात ती साधारण निम्मी-निम्मी. सोयाबीन तेलात संपृक्त १५ टक्क्यांच्या आसपास, बाकी असंपृक्त. दोन्ही सारखी मिसळली तर असंपृक्त भाग संपृक्ताच्या दुपटीवर जातो, आणि लहान पिल्लाला तो दीडपटीहून जास्त असलेला बरा. म्हणजे पाम तेल वाईट नव्हतं, त्याला एकटं घालणं चुकीचं होतं! सोयाबीनऐवजी कॅनोला किंवा सूर्यफूल घेतलं तरी हेच गणित चालतं, हेही त्याच पोत्यावर लिहिलंत. ते पोतं मी टाकलेलं नाही.

खोबरेल तेलाचं ऐकून मात्र मी चक्रावलो होतो. ९० टक्के संपृक्त, तरी पिल्लाला सोपं! कारण त्यातली बरीच मेदाम्लं मध्यम लांबीच्या साखळीची, जवळजवळ निम्मं तर लॉरिक आम्लच, आणि पचवायला पित्त-लायपेजचा आधार कमी लागतो. थंडीत ते गोठतं, म्हणून कोमट करून कालवायचं, नाहीतर खाद्यात गुठळ्या होतात. हे बारीकसारीक तुम्ही सांगितलं नसतं तर मी पुन्हा ठेचकाळलो असतो.

तेल वाढवलं की लायसिनही (प्रथिनांतला एक घटक) त्या प्रमाणात वाढवायचं, असंपृक्त तेलांबरोबर ई जीवनसत्त्व विसरायचं नाही, पिंप सावलीत आणि घट्ट झाकून, एका वेळी लागेल तेवढंच आणायचं. हे सगळं पाळतो आहे.

मॅडम, त्या तासाभरात तुम्ही एकदाही मला बोल लावला नाहीत. माझी पिल्लं उपाशी होती आणि मी खचलो होतो, हे तुम्हाला दिसत होतं. त्याबद्दल वेगळे आभार मानतो.

या खेपेची पिल्लं तुटून आज नववा दिवस. सध्या थोडंसं खोबरेल, तिसऱ्या आठवड्यापासून पाम-सोयाबीन. सकाळी गव्हाणी चाटून साफ होत्या आणि पिल्लं एकमेकांच्या अंगावर चढून ओरडत होती. नवं पिंप काल आलं. मी झाकण काढलं, तर माझ्या मुलीनं न सांगता दोन थेंब तळहातावर घेतले, चोळले आणि हात माझ्या नाकापुढे धरले.

तुमचा ऋणी,
एक वराहपालक