बाबा, दुर्बिणीच्या तपासणीबद्दल

ती. आईबाबांस,
सा. न.

बाबा, काल कोलोनोस्कोपीचा, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीच्या तपासणीचा, विषय निघाल्यावर तुम्ही ‘बघू पुढे’ म्हणून फोन आईकडे दिलात, तेव्हाच ओळखलं. कट्ट्यावर कुणीतरी दुर्बिणीने आतडं फाटल्याचं सांगितलंय ना? खोटं नसेल ते. अमेरिकेतल्या २०२१च्या आढाव्यात दर १०,००० तपासण्यांमागे साधारण ३ जणांच्या आतड्याला भोक पडलेलं दिसलं. नॉर्वे, स्वीडन, पोलंडमधल्या एका अभ्यासात ११,८४३ जणांची तपासणी झाली, तिथे भोक एकालाही नाही. मोठा रक्तस्राव १५ जणांना, तोही पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर आलेला मांसाचा कोंब, काढल्यावर. पण ती माणसं ५५ ते ६४ची. तुम्ही ६८चे, वर हृदयातल्या स्टेंटनंतरच्या, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू. तुमचा धोका थोडा जास्तच धरायचा.

‘मग शौचाचीच तपासणी करू’ म्हणाल. केली असती. पण काकांना ५७व्या वर्षी मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. सख्ख्या भावाला झाल्यावर डॉक्टर थेट दुर्बीणच सांगतात. आणि शौचात रक्त सापडलं तर शेवटी तीच करावी लागते. दुर्बिणीत पॉलिप दिसला तर पुढे कॅन्सर होण्याआधीच तो त्याच बैठकीत काढून टाकतात.

मला खरी धास्ती आदल्या रात्रीची आहे. पोट साफ करायचं औषध प्यायचं, मग रात्रभर ये-जा. आई, संडासातला दिवा चालू राहू दे आणि दारातलं ते घसरणारं पायपुसणं उचलून ठेव. शहाळ्याचं पाणी, मुगाचं गाळलेलं पाणी चालेल. कोकम सरबत अजिबात नको, त्याचा लाल रंग आत रक्तासारखा दिसतो. चहा बिनदुधाचा! बाबांचं तेव्हाचं तोंड बघायला मी असेनच.

रक्त पातळ करायची गोळी मात्र आपल्या मनाने बंद करायची नाही. स्टेंट आहे, हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच काय ते ठरवू. तपासणीआधी भूल देणाऱ्यांनाही सगळ्या गोळ्यांची पट्टी दाखवायची, मधुमेहाच्या धरून. उपाशीपोटी साखर खाली जाते.

पॉलिप काढला तर रक्तस्राव दोन आठवड्यांनीही होऊ शकतो, तेव्हा तेवढे दिवस गावाला जाणं नाही. शौचातून रक्त, ताप, पोट कडक होऊन दुखणं, यातलं काहीही झालं तर लगेच दवाखाना. मागे छातीत दुखत असताना ‘सकाळी बघू’ म्हणालात, ते पुन्हा नको.

बुधवारी संध्याकाळच्या गाडीने येते. काकांचे रिपोर्ट काकूंकडून मागवून ठेवा.

तुमची,
मनू