त्या करड्या चौकोनांमागची हळदपट्टी

प्रिय सर,

नाव छापायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं ‘सर’. मिरजेतले तुमचे विद्यार्थी वाचतील तेव्हा ओळखतीलच.

माझ्या वडिलांनी, आबांनी, सांगलीच्या अडत दुकानांसाठी हळदपट्टीचा, म्हणजे हळद विकल्यावर शेतकऱ्याला मिळणाऱ्या हिशेबाच्या कागदाचा, प्रोग्राम लिहिला, तो व्हीबी सिक्स या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत. वजन, दर, हमाली, तोलाई, अडत, सगळं एका ग्रिडमध्ये, म्हणजे रकान्यांच्या तक्त्यात. २०१९ च्या पुरात गावभागातल्या आमच्या ऑफिसात पाणी शिरलं आणि त्यांचा कॉम्प्युटर गेला. पेन ड्राइव्ह शर्टाच्या खिशात होता म्हणून कोड वाचला. गेल्या वर्षी आबाही गेले. दुकानांतून प्रोग्राम चालूच होता, त्यामुळे कुणाला काही जाणवलं नाही. यंदा सौदे तोंडावर आले आणि दुकानदारांनी पट्टीवर शेतकऱ्याचा मोबाइल नंबर मागितला. एक रकाना वाढवायचा, एवढंच काम. नव्या लॅपटॉपवर व्हीबीच्या डिझायनरमध्ये, म्हणजे स्क्रीनची मांडणी बदलायची असते तिथे, फॉर्म उघडला, तर ग्रिडच्या जागी करडा, रिकामा चौकोन.

आधी कोण कोण येऊन गेले तेही लिहिते, मनात ठेवून काय करू? पहिल्याने लांबूनच स्क्रीन बघितली आणि ‘ताई, हे भंगार आहे, महिन्याच्या भाड्याचं नवीन घ्या’ म्हणून दरपत्रक पुढे केलं. दुसऱ्याने दुकानातल्या कॉम्प्युटरवरून ग्रिडची ओसीएक्स फाइल, म्हणजे ग्रिड ज्या फाइलमध्ये असतो ती, आणून बसवली. आता लायसन्स नाही अशी तक्रार यायला लागली. ‘क्रॅक मिळतो का बघतो’ म्हणून गेला तो अजून बघतोच आहे. तिसरा सगळ्यांत हुशार! येईल त्या खिडकीवर ओके, ओके करत गेला आणि शेवटी सेव्ह केलं. सेव्ह केल्यावर तो करडा चौकोन फॉर्मचा कायमचा भाग झाला. आबांनी एकेक रकाना मापून बसवलेला ग्रिड त्या प्रतीतून पुसला गेला. त्याचे पैसे मात्र त्याने मोजून घेतले.

तुम्ही आलात ते पायरीवरूनच विचारत, ‘मूळ प्रत कुठाय? तिला कुणी हात लावलाय का?’ पेन ड्राइव्ह कपाटात होता. तुम्ही आधी त्याच्या दोन प्रती काढल्यात, मगच खुर्चीत बसलात.

दुरुस्तीचं सगळं सांगत बसत नाही, मला अर्धंच कळलंय. पण एक गोष्ट पक्की डोक्यात बसली. दुकानात प्रोग्राम नुसता चालवायला ती ओसीएक्स फाइल पुरते, पण डिझायनरमध्ये तोच ग्रिड हलवायचा तर तो विकत घेतल्याचा परवाना त्या मशीनवर लागतो. पेन ड्राइव्हवर आबांनी स्वतः लिहिलेलं तेवढंच होतं. ग्रिड विकतचा, तो कॉम्प्युटरबरोबर बुडाला. ‘त्यांनी विकत घेतलाय म्हणजे सीडी असणार,’ तुम्ही म्हणालात. माळ्यावरच्या ट्रंकेत सापडली, कव्हरवर आबांच्या अक्षरात सिरियल नंबर. (चौसष्ट बिटांच्या विंडोजवर बत्तीस बिटांच्या जुन्या फाइली ‘सिस्टिम बत्तीस’मध्ये नाही, तर ‘सिस्वॉव चौसष्ट’ नावाच्या फोल्डरमध्ये राहतात, हे ऐकून मला हसू आलं होतं. हे नाव ठेवणाऱ्याला एकदा भेटायचंय.)

पण हे पत्र त्यासाठी नाही. ग्रिड दिसल्यावर तुम्ही लगेच उठला नाहीत. कोड उघडून वाचायला लागलात, कुणाची तरी जुनी वही चाळावी तसं. एका ओळीवर थांबलात. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेली टीप तुम्ही मोठ्याने वाचलीत: ‘तोलाईचा दर बदलला तर फक्त इथे बदलावा. बाकी कुठे हात लावू नये.’ चष्मा काढलात आणि म्हणालात, ‘नेटका माणूस होता हो. मागून येणाऱ्याची काळजी होती त्यांना.’

सर, तोवर महिनाभर मी आबांच्या कामाला भंगार, डबडं, जुनाट एवढंच ऐकत होते. मायक्रोसॉफ्टने तो डिझायनर २००८ सालीच वाऱ्यावर सोडला, हे खरंय. जुनं आहे, मान्य. पण ते कुणीतरी मन लावून केलंय, हे बघायला चौघांतल्या तिघांना वेळ नव्हता. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती काही बोलली नाही, आत जाऊन तुमच्यासाठी पुन्हा चहा टाकला. तुम्ही नुकताच घेतला होतात, तरी प्यायलात.

पहिल्या सौद्याची पट्टी निघाली. राजापुरी हळद, खाली हमाली-तोलाई नेहमीसारखी आणि वर नव्या रकान्यात मोबाइल नंबर. एक प्रत आईने आबांच्या फोटोच्या चौकटीत खोचून ठेवलीय.

पैसे तुम्ही घेतले नाहीतच. तेव्हा भडंगाचे दोन पुडे बांधून ठेवलेत, एक कमी तिखटाचा. आणि तुमच्या चष्म्याचं घर इथेच टेबलावर राहिलंय. रविवारी मिरजेला येतेय, तेव्हा घेऊन येते.

तुमची,
आबांची लेक