पडद्यावर कोकण येते, माया मागे राहते

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कोकणातील वाढत्या चित्रीकरणाविषयीचा लेख आपल्या रविवारच्या अंकात वाचला. त्यामुळे गावातल्या पोरांना चार दिवस काम मिळते, घरमालकांना भाडे मिळते, याविषयी माझी काही तक्रार नाही. मात्र लेखात किनारे, किल्ले आणि कौलारू घरे यांचीच यादी होती, आणि आपल्याकडे येणारे बहुतेक चित्रपटही तेवढेच घेऊन परत जातात. त्या कौलांखाली माणसे एकमेकांना जीव कसा लावतात, याकडे कॅमेरा क्वचितच वळतो. वेंगुर्ले तालुक्यात मी बरीच वर्षे पोस्टमन होतो आणि ते पाहण्याची संधी मला त्या नोकरीने भरपूर दिली, म्हणून हे पत्र लिहिण्याचे धाडस करीत आहे.

मनीऑर्डरच्या फॉर्मवर निरोपासाठी थोडी जागा असे. पैसे मोजून दिल्यावर तो तुकडा घरच्यांच्या हाती द्यायचा आणि घरात वाचणारे कोणी नसेल तर वाचून दाखवायचा, असा आमचा रिवाज होता. मुंबईतल्या एका गिरणी कामगाराची मनीऑर्डर दर महिन्याला आईच्या नावावर येई. एका पावसाळ्यात त्याने लिहिले होते : ‘लावणीला गडी घ्यावा. पैसे पोचल्याचे कळवावे. भरलेली कळशी एकटीला उचलू देऊ नये.’ ती ‘एकटी’ कोण, हे लिहिण्याची गरज त्याला वाटली नाही आणि विचारण्याची गरज आम्हांला वाटली नाही. आई पडवीत बसली होती. सून माजघराच्या दाराआड उभी होती आणि चौकटीवर तिची फक्त बोटे दिसत होती. मी वाचून थांबलो तेव्हा आतून हळूच प्रश्न आला, ‘आणखी काय लिवल्यान?’ लिहिलेले तेवढेच होते. सासूने पैसे कनवटीला लावले आणि तो तुकडा मात्र मागे वळून न पाहता दाराच्या दिशेने धरला.

हा प्रसंग आजच्या एखाद्या दिग्दर्शकाच्या हाती पडला, तर तो नवऱ्याला होडीत आणि बायकोला पावसात उभे करून त्यावर एक गाणे घालील, अशी मला भीती वाटते. गाण्यांना माझा विरोध नाही. तंबूतल्या सिनेमात मीही तरुणपणी शिट्ट्या मारल्या आहेत. (पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला, अशी तिथे बसण्याची सोय असल्यामुळे पडद्यावरचे प्रेम आम्हां नवरा-बायकोंना वेगवेगळे बसूनच पाहावे लागे.) परंतु ज्या घरात ‘प्रेम’ हा शब्द जन्मात कोणी उच्चारला नाही, त्या घरातली माया दाखवायची तर कळशीपाशी थांबण्याचा धीर लागतो.

असा धीर मराठी चित्रपटाने पूर्वी दाखवलेला आहे. आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ला 1954 साली पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले. ती आई दापोली तालुक्यातल्या पालगडची, आणि मुलाला शासन करतानाही ती त्याच्यावर किती जीव टाकते, हे प्रेक्षकाला कोणी समजावून सांगावे लागत नाही. त्यानंतर असा सर्वोच्च राष्ट्रीय सन्मान मराठीकडे आला तो सुमारे पन्नास वर्षांनी, संदीप सावंत यांच्या ‘श्वास’मुळे. त्यातही कोकणातलाच आजोबा नातवाला घेऊन शहरातल्या रुग्णालयात येतो. डोळ्यांच्या कर्करोगामुळे पोराची दृष्टी जाणार असते; हे त्याला सांगणे आजोबाला काही केल्या जमत नाही, आणि शस्त्रक्रियेपूर्वी तो नातवाला रुग्णालयाबाहेर नेऊन डोळे भरून शहर दाखवतो. दोन्ही चित्रपटांत नायक-नायिकेची प्रेमकथा नाही, आणि तरीही मायेविषयी त्यांच्याइतके खरे बोलणारे चित्रपट मला फार थोडे आठवतात.

स्त्री-पुरुषांचे प्रेम प्रामाणिकपणे दाखवणे त्याहून कठीण असावे. 2023 साली आलेला अविनाश अरुण यांचा ‘थ्री ऑफ अस’ हा हिंदी चित्रपट आमच्या वेंगुर्ल्यात घडतो. स्मृती हळूहळू हरवू लागलेली एक मध्यमवयीन स्त्री, जिथे लहानपणीची काही वर्षे गेली त्या गावी नवऱ्यासोबत येते आणि शाळेतल्या जुन्या मित्राला भेटते. एवढ्या भांडवलावर एखाद्याने संशय, भांडण आणि पश्चात्ताप यांचा बाजार मांडला असता. इथे मित्राची बायको त्याची थट्टा करते, नवरा आतून दुखावला तरी बायकोची सोबत सोडत नाही, आणि कोणीही खलनायक होत नाही. रोज ज्या रस्त्यांवरून मी सायकल नेली, ते रस्ते पडद्यावर आले असतानाही माझे लक्ष नवऱ्याच्या चेहऱ्याकडे राहिले, यातच त्या दिग्दर्शकाचे यश आले.

प्रामाणिकपणा म्हणजे हुबेहूबपणा, असे मात्र मी म्हणत नाही. आमच्या दशावतारात पुरुषच लुगडे नेसून राणी होतो, हे जत्रेतल्या लहान पोरालाही ठाऊक असते; तरी राणीवर प्रसंग ओढवला की बाया डोळ्यांना पदर लावतात. सोंग उघड असूनही त्यातला भाव खोटा नसतो. याउलट कित्येक मालिकांत घर खरे, अंगण खरे, फणसही खरा, आणि माणसे तेवढी उसनी आणल्यासारखी वावरतात.

यात भाषेचा वाटा मोठा आहे. पडद्यावर मालवणी बोलणारा माणूस बहुतेक वेळा दारुडा, भुताला घाबरणारा गडी किंवा इरसाल म्हातारा असतो. चित्रपटात प्रेमाचे बोलायची वेळ आली की सारी पात्रे एकदम प्रमाण मराठी बोलू लागतात, जणू आमच्या बोलीत फक्त हसता येते. आम्हीही विनोदी माणसे आहोत आणि आमच्यावरचे विनोद आम्हांला आवडतात; पण याच बोलीत इथल्या माणसांनी संसार केले आहेत आणि आजारपणे काढली आहेत.

आपल्या लेखामुळे चित्रीकरणासाठी येथे आणखी मंडळी येतील. त्यांनी ज्या घराची पडवी भाड्याने घेतली, त्या घरातल्या माणसांचे बोलणे निदान दोन दिवस ऐकावे, आणि एखाद्या चित्रपटात तरी दमून आलेल्या नवऱ्याला बायकोने मालवणीत ‘जेवलंस काय?’ एवढेच विचारावे, आणि त्यावर चित्रपटगृहात कोणी हसू नये, अशी माझी इच्छा आहे. लेखकाने पुढच्या लेखात ठिकाणांच्या यादीबरोबर याचाही विचार करावा, ही विनंती.

कळावे,
आपला नम्र,
एक निवृत्त पोस्टमन
ता. वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग